निबंधातील दाखले आणि आधार
(निबंधस्पर्धेच्या पारितोषिक-वितरणप्रसंगी झालेले भाषण)



स्पर्धेस आलेले निबंध आम्ही आस्थेने वाचले. ‘लग्नखर्चास आळा घालावा’ हे मत बहुतेकांनी आवेशाने मांडले आहे. परंतु आवेश म्हणजे पुरावा नव्हे. एका यजमानाचे घर गहाण पडले, एवढ्यावरून सारी ज्ञाती कर्जबाजारी झाली असे ठरत नाही. दाखल्याने मुद्दा डोळ्यांपुढे उभा राहतो. तो सिद्ध व्हावयास आधार लागतो.

या बाबतीत दादाभाई नौरोजींचा कित्ता गिरवण्याजोगा आहे. हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयीचा आपला निबंध त्यांनी १८७६ साली मुंबईत वाचला. ‘देश दरिद्री आहे’ असे नुसते म्हणून ते थांबले नाहीत. सरकारच्याच अहवालांतून लागवडीची जमीन, पीक व भाव घेऊन त्यांनी १८६७-६८ च्या सुमाराचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. आधार प्रतिपक्षाच्याच दप्तरातला. तो नाकारावा कसा? तरीही तो त्यांनी डोळे मिटून स्वीकारला नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील पिकांचे आकडे, क्षेत्र लहान की मोठे हे न पाहता, केवळ बेरीज करून भागण्याची सरकारी रीत चुकीची आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्यांनी या उत्पन्नाशेजारी ठेवला. नुसता २० हा आकडा मुका होता; या तुलनेने त्यास वाचा फुटली.

यातून तीन गोष्टी घ्याव्या. आधार कोणाचा व कोठला, हे सांगावे. तो स्वतः तपासावा. आणि त्यावरून आपला मुद्दा कसा निघतो, हे आपल्या शब्दांत स्पष्ट करावे. थोरांची वचने एकापुढे एक मांडली म्हणजे निबंध होत नाही. दोन वचनांमधील विचार लेखकाचाच हवा.

लग्नखर्चाचेच पाहा. घरोघरी कार्याच्या खर्चाच्या वह्या असतात. वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने, नावे वगळून, अशा दहा वह्या पाहाव्या. मांडव, जेवणावळ, मानपान यांवर किती गेले, कर्ज किती काढले व ते किती वर्षांत फिटले, हे टिपावे. ज्या घरी खर्च होऊनही ऋण झाले नाही, तेही लपवू नये. दहा घरांवरून ‘सारी ज्ञाती’ असे न लिहिता ‘या दहा घरांत’ असेच लिहावे. मर्यादा सांगितल्याने मुद्दा दुबळा होत नाही. त्यावर विश्वास बसतो.

हा केवळ गुणांचा प्रश्न नव्हे. उद्या घरातील बैठकीत बहिणीच्या लग्नाचा खर्च ठरेल, तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्यापुढे तुमचा आवेश टिकणार नाही. शांतपणे पुढे ठेवलेली वही कदाचित टिकेल. तसे बोलण्याचे सामर्थ्य या लेखनाभ्यासातून तुम्हांस लाभो, अशी शुभकामना व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.