जुनी हत्यारे किलोवर विकू नका
(झाशी येथील कामगार सभेतील भाषण)



झाशीचा रेल्वे कारखाना १८९५ चा. त्या काळी डब्यांत लाकूड भरपूर, म्हणून सुतारही भरपूर. १९५५ साली पेरांबूरला पोलादी डबे बनू लागले आणि सुतारखाते आटत गेले. टपाल बंधूंनी आर.एम.एस.च्या डब्यातले लाकडी खण आठवावेत.

त्या सुतारांच्या पेट्या घरोघर पडून आहेत. खंडेनवमीला रंध्या-पटाशीला हळदकुंकू, आणि दिवाळीच्या साफसफाईत तीच भंगारवाल्याला! हे थांबले पाहिजे.

शेफिल्डच्या जुन्या रंध्याचे पाते पाहा. बहुधा मऊ लोखंडावर कडक पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. त्यामुळे ते दगडावर लवकर घासले जाते आणि धारही टिकते. वरवरचा गंज तेलात भिजवून निघतो. पण पात्याच्या पाठीला धारेजवळ खड्डे असतील तर पैसे देऊ नका. आधी पाठ सपाट करा, धार मग. जुन्या करवतीचे दात कानशीने पुन्हा लावता येतात. आजच्या कडक दातांच्या करवती बोथट झाल्या की फेकायच्या. मालकांना तेच हवे असते म्हणा!

एक स्पष्ट सांगतो. रेल्वेचा छाप असलेले हत्यार रेल्वेचे. छाप जी.आय.पी.चा असला तरी, १९५१ साली मध्य रेल्वे झाली म्हणून मालकी सुटत नाही. हवे असेल तर लिलावातून रीतसर घ्या. छंदापायी चार्जशीट आली, तर युनियनने काय लढायचे?

निवृत्त सुतार बंधूंनी दर शनिवारी संध्याकाळी पेटी घेऊन शाखा कार्यालयात यावे, पोरांना धार लावायला शिकवावे. दगड आणि तेल युनियन देईल.