वसंतातील टर्कीची शिकार

निषादाने क्रौंचाच्या जोडप्यातील नरास बाण मारिला आणि ते पाहून वाल्मीकींच्या मुखातून शापवाणी बाहेर पडली, ही कथा आपणांपैकी बहुतेकांनी बालपणीच ऐकलेली असते. मीलनाच्या काळी पक्ष्यास मारू नये, हा संस्कार त्या कथेने आपल्या मनावर कायमचा उमटविला आहे. असे असता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ऐन वसंतात, नर मादीला साद घालीत असतानाच, त्या सादेचा आधार घेऊन एका पक्ष्याची शिकार केली जाते, आणि ती कायद्याने मान्य आहे, असे कोणी सांगितले तर नवल वाटणे साहजिक आहे. तो पक्षी म्हणजे रानटी टर्की. या शिकारीची रीत कशी आहे आणि तिच्या बाजूने व तिच्या विरुद्ध काय सांगता येते, याचा आज थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. टर्कीचा तुर्कस्थानाशी केवळ नावापुरता संबंध आहे. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोतील लोकांनी त्यास माणसाळविले होते, आणि तेथून सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पोर्तुगीज भाषेत त्यास ‘पेरू’ म्हणतात. आपल्या बाजारातील पेरूशी त्याची गल्लत होऊ नये, एवढेच! जहांगीर बादशहाच्या दरबारी तो आपल्या गोव्याच्या वाटेने पोचला. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून बादशहाकरिता ज्या अपूर्व वस्तू आणिल्या, त्यांत हा पक्षी होता. उस्ताद मन्सूर याने काढिलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

परंतु पाळीव टर्कीवरून रानातल्या टर्कीची कल्पना करू नये. पूर्ण वाढलेला रानटी नर ७ ते ११ किलो वजनाचा असूनही वेगाने धावतो, प्रसंगी जोराने उडतो आणि रात्री उंच झाडावर वस्ती करितो. त्याच्या छातीवर केसांसारख्या राठ पिसांचा झुपका लोंबत असतो. त्यास शिकारी ‘दाढी’ म्हणतात. डोके उघडे असून, पक्षी उत्तेजित झाला की त्यावर तांबडा, पांढरा व निळा असे रंग खुलतात. तो आपल्या मोराच्या कुळातलाच. म्हणून मादीपुढे शेपटीचा पंखा पसरून मिरविण्याची हौस त्यालाही आहे. त्याचे घ्राणेंद्रिय बेताचे, पण दृष्टी व कान विलक्षण तीक्ष्ण. रानात पापणी हलली तरी टर्कीला दिसते, असे शिकारी म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फारशी नाही.

आता शिकारीची पहाट डोळ्यांसमोर आणा. एप्रिल महिना आहे, ओकच्या झाडांना नुकती पालवी फुटते आहे. शिकारी अंधारातच रानात शिरतो आणि घुबडाचा घूत्कार काढितो. झाडावर बसलेल्या नराला तो आवाज सहन होत नाही. तो तत्काळ गळ्यातून गडगडाट करून उत्तर देतो. शांत पहाटे हा गडगडाट मैलभर ऐकू जातो. पक्ष्याचा ठाव असा लागला की शिकारी दबकत दबकत काही अंतरापर्यंत जातो, एखाद्या रुंद बुंध्याला पाठ टेकून बसतो, आणि मादीचा आवाज काढू लागतो. त्याकरिता त्याच्यापाशी निरनिराळी साधने असतात. एक म्हणजे लाकडाची लहानशी पेटी; खडू लावलेले तिचे झाकण पेटीच्या कडेवर घासले की हुबेहूब मादीची आर्त हाक उमटते. दुसरे साधन म्हणजे पाटीच्या दगडाची चकती व तीवर घासावयाची काडी. कोणी जिभेवर पातळ पडदा ठेवून आवाज काढितात. टर्कीच्याच पंखातील पोकळ हाडाची शिटी तर तेथील आदिवासी फार प्राचीन काळापासून वापरीत आले आहेत. आपल्याकडील पारधी पाळीव तित्तिराकडून रानातल्या तित्तिरास बोलावीत असत. येथे माणूस स्वतःच तो तित्तिर होतो.

मात्र यात एक मोठी अडचण आहे. निसर्गाचा क्रम असा की नराने एका जागी उभे राहून साद घालावी आणि मादीने त्याच्याकडे चालत जावे. शिकारी नेमका याच्या उलट मागणी करीत असतो. त्यामुळे नर उत्तर देतो, वाट पाहतो, आणि मादी येत नाही असे दिसताच पुष्कळदा पाठ फिरवितो. अशा वेळी उतावळ्याने अधिक हाका मारिल्या तर पक्षी सावध होतो. जाणता शिकारी गप्प बसतो. पाय बधिर झाले, चेहऱ्यावर डास बसले, तरी तो हालत नाही. एखादे वेळी तासाभराने पक्षी अगदी मुकाट्याने समोर येऊन उभा राहतो. छऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला सुमारे ४० यार्डांचा. तेवढ्या टप्प्यात डोके व मान स्पष्ट दिसली तरच चाप ओढावयाचा, नाहीतर पक्षी जखमी होऊन निसटतो व कोठेतरी तडफडून मरतो. कित्येक पहाटी बंदूक न उडविताच घरी परतावे लागते.

येथे माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. झुडपाआड बसून मादीचा आवाज काढणारा शिकारी दुसऱ्या शिकाऱ्याच्या कानाला टर्कीच वाटतो. म्हणून तांबडे, पांढरे वा निळे वस्त्र अंगावर, अगदी हातरुमालापुरतेही, ठेवू नये असा दंडक आहे. कारण तेच रंग नराच्या डोक्याचे. आवाजाच्या रोखाने बंदूक चालविणे हा तर या शिकारीतील महापातकाचा प्रकार मानला जातो.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. टर्कीचा नर अनेक मादींशी रममाण होतो. अंडी उबविणे व पिले सांभाळणे यांत त्याचा काडीइतका वाटा नसतो. मादी जमिनीवर १० ते १२ अंडी घालून २८ दिवस एकटीच उबविते, आणि एकदा समागम झाल्यावर कित्येक आठवडे फलित अंडी घालू शकते. म्हणून बहुतेक माद्यांचा समागम झाल्यावर काही नर मारिले तर वंशाला धक्का पोचत नाही, असे तज्ज्ञांनी ठरविले. आणि बहुतेक संस्थानांत वसंतात केवळ नर, किंवा दाढी असलेलाच पक्षी, मारण्यास परवानगी मिळाली.

या नियमांमागे एक कडू अनुभव आहे. बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळे मॅसॅच्युसेट्समधील शेवटचा टर्की १८५१ साली नाहीसा झाला. १९२० पर्यंत मूळच्या ३९ संस्थानांपैकी १८ संस्थानांतून त्याचा वंश उखडला गेला. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळविले. प्रथम पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी रानात सोडून पाहिले. ते जगेनात, कारण भक्ष्य शोधणे व शत्रू ओळखणे त्यांना आईने शिकविलेच नव्हते. मग तोफेसारख्या नळ्यांतून जाळे उडवून रानातलेच पक्षी धरावयाचे आणि ओसाड रानांत नेऊन सोडावयाचे, ही युक्ती लागू पडली. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२ व १९७३ साली न्यूयॉर्क संस्थानातून आणिलेले अवघे ३७ पक्षी सोडले. आज तेथे नगरांच्या रस्त्यांवरही टर्की हिंडतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या देशातील त्यांची संख्या साठ लाखांपलीकडे गेली होती.

परंतु कथा येथे संपत नाही. त्यानंतर आग्नेय भागातील कित्येक संस्थानांत ही संख्या पुन्हा घटू लागली. रानांचा पालट, अंडी खाणारे प्राणी, पावसाळी वसंत अशी कारणे पुढे आली. आणि त्यांबरोबर एक जुनीच शंका: आपण फार लवकर तर बंदूक उचलीत नाही ना? समागम पुरा होण्यापूर्वीच बलिष्ठ नर मारिले जात असतील, तर सारा हिशेबच चुकतो. यावर तज्ज्ञांत एकमत नाही. तरीही आलाबामाने २०२२ साली शिकारीचा आरंभ पुढे ढकलून प्रत्येकाची मर्यादा पाचांवरून चार पक्ष्यांवर आणिली, आणि टेनेसीने २०२३ साली दोन आठवडे उशीर करून ती तिनांवरून दोनांवर आणिली.

म्हणजे वाल्मीकींचा आक्षेप त्या रानांतूनही पुरता निघून गेलेला नाही; तो केवळ शापाची भाषा सोडून पंचांगाची भाषा बोलू लागला आहे. वसंतातील ही शिकार न्याय्य की अन्याय्य, हे पुष्कळ अंशी दोन आठवड्यांच्या धीरावर अवलंबून आहे. बुंध्याला टेकून बसलेल्या शिकाऱ्याला जो धीर पहाटे पहाटे शिकावा लागतो, तोच धीर त्याच्या संस्थानालाही शिकावा लागत आहे. आणि तो टिकला, तरच पुढील वसंतातही घुबडाच्या घूत्काराला झाडावरून उत्तर येईल.