पेट्रोल पंपाचा अर्ज आणि घरातील सातबारा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वलवण येथे केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी शिक्षणाविषयी चार शब्द बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करील? परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील तीन-चार कुटुंबांनी माझ्यापाशी एकाच जातीचे गाऱ्हाणे आणले, आणि तसाच प्रसंग माझ्या स्वतःच्या घरावरही येऊन गेला. म्हणून आज विषय बदलण्याची परवानगी घेतो. मी वकील नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त मास्तर आहे. तेव्हा जे सांगेन ते पोळलेल्या माणसाने सांगितलेले आहे, एवढे समजून ऐकावे.

आपले वलवण हे रस्त्यावरचे गाव. खोपोलीच्या वीजगृहाला पाणी पुरविणारे टाटांचे धरण एकीकडे, आणि घाट चढून आलेला जुना मुंबई-पुणे रस्ता दुसरीकडे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मावळातल्या कित्येक घरांची जमीन त्यात गेली. ज्यांची राहिली त्यांच्या उरलेल्या गुंठ्यांना भाव आला. रस्त्याकाठी पडीक तुकडा असलेल्या घरात तरुण मुलगा असला, की त्याच्या मनात पेट्रोल पंपाचा विचार येतोच. शेतीचा भरवसा नाही, नोकरी मिळत नाही. पंप मिळाला तर घर उभे राहील, ही त्यामागची भावना असते. तिला मी लोभ म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी देशभरातील ५५ हजारांहून अधिक ठिकाणांसाठी एकाच वेळी अर्ज मागविले. दहावी उत्तीर्ण असणे आणि वय २१ ते ६० या दरम्यान असणे एवढीच प्राथमिक पात्रता होती. अर्जदारांचे तीन गट केलेले होते : पहिला गट ज्यांच्या ताब्यात योग्य जमीन आहे त्यांचा, दुसरा ज्यांना जमीन मिळण्याचे पक्के आश्वासन आहे त्यांचा, तिसरा ज्यांच्यापाशी जमीनच नाही त्यांचा. प्रथम पहिल्या गटाची सोडत, त्यात कोणी पात्र ठरले नाही तर दुसऱ्याची, आणि मग तिसऱ्याची.

माझ्या पुतण्याने पहिल्या गटातून अर्ज केला. वडिलांच्या मागे राहिलेला आमचा एक तुकडा मावळातच राज्यमार्गाला लागून आहे. त्याच्या सातबाऱ्यावर तीन नावे आहेत : माझे, माझ्या धाकट्या भावाचे आणि आमच्या बहिणीचे. मी संमतीचे प्रतिज्ञापत्र दिले, भावाने दिले. बहीण पनवेलकडे दिलेली. तिच्या सहीसाठी कोणी जावयाचे, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा मीच म्हणालो, “ती काय परकी आहे? ती कशाला हरकत घेईल?” घरात मी वडील, माझ्या शब्दापुढे कोणी गेले नाही.

सोडतीत पुतण्याचे नाव निघाले. घरी पेढे वाटले गेले. मग कागदपत्रांची छाननी झाली, जागेची पाहणी झाली, आणि काही आठवड्यांनी पत्र आले की, अर्जाच्या तारखेस सदर जमिनीच्या सर्व सहमालकांची संमती सिद्ध होत नसल्यामुळे पहिल्या गटातील अर्ज ग्राह्य धरता येत नाही. त्याला तिसऱ्या गटात टाकण्यात आले. पहिल्या गटात दुसरे अर्जदार होतेच. सोडत पुन्हा त्यांच्यातच निघाली.

त्यानंतर बहीण स्वतः येऊन सही करून गेली. परंतु त्या कागदावरची तारीख अर्जानंतरची होती. कंपनीकडे रीतसर लेखी तक्रार केली, तीही फेटाळली गेली. पुतण्या संतापला. “अण्णा, आपण हायकोर्टात जाऊ,” असे तो रोज म्हणू लागला. तालुक्याचा एक मध्यस्थही घरी येऊन गेला आणि काही रकमेत सारे सरळ करून देण्याची भाषा बोलला. त्याला मी चहाही न देता वाटेस लावले, याबद्दल मात्र मला आजही समाधान वाटते.

अखेर आम्ही मुंबईस एका जाणत्या वकिलांकडे गेलो. त्यांनी आमचे कागद वाचण्यापूर्वी आम्हांला दोन तास बसवून घेऊन या प्रकारच्या खटल्यांचा इतिहास सांगितला. फी मागितली असती तरी मी आनंदाने दिली असती, इतके ते शिक्षण मोलाचे होते.

पुतण्याचा पहिला प्रश्न असा होता की, कंपनी आपला विक्रेता कोणालाही नेमील. तिला न्यायालय जाब कसा विचारणार? याचे उत्तर १९८० सालच्या एका निकालात आहे. बर्मा शेल ही परदेशी कंपनी १९७६ साली सरकारने ताब्यात घेतली आणि तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. त्या जुन्या कंपनीतील एका निवृत्त कारकुनाच्या पेन्शनमध्ये कपात झाली. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, अशी कंपनी ही घटनेच्या १२ व्या कलमातील ‘राज्य’ या संज्ञेत येते, आणि म्हणून नागरिकांचे मूलभूत हक्क तिच्यावरही बंधनकारक आहेत. पेन्शनसाठी झगडणाऱ्या एका कारकुनाने साऱ्या देशातील अर्जदारांसाठी दार उघडून दिले, हे ऐकून माझ्यासारख्या पेन्शनराचा ऊर भरून आला!

दुसरा निकाल त्याच्या आधीचा, १९७९ सालचा, आणि आपल्या मुंबईच्या विमानतळाचा. तेथील उपाहारगृह चालविण्यासाठी निविदा मागविल्या होत्या. निविदाकार नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलवाला आणि किमान ५ वर्षे अनुभवी असावा, अशी अट होती. प्रत्यक्षात ती अट न पुरविणाऱ्याला काम मिळाले. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, सरकारी संस्थेने पात्रतेचा जो नियम स्वतः जाहीर केला, तो तिलाही पाळावाच लागेल. मर्जीप्रमाणे एखाद्यासाठी तो सैल करता येणार नाही. असे असूनही दाद मागणाऱ्याला काही मिळाले नाही. तो महिनोन्‌महिने उशिराने आला होता, त्याचा स्वतःचा खरा हितसंबंध दिसत नव्हता, आणि दरम्यान काम मिळालेल्या माणसाने सव्वा लाखाच्या आसपास खर्च करून ठेवला होता. तत्त्व जिंकले आणि अर्जदार रिकाम्या हाताने परतला. हा निकाल आपण नीट ध्यानात ठेवावा, कारण पंपाच्या प्रत्येक वादात त्याच्या दोन्ही बाजू पुढे येतात.

पंपांविषयीचे गाजलेले खटले त्यानंतरचे. पूर्वी मंत्र्याच्या स्वेच्छाधिकारात पंप वाटले जात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन पेट्रोलियम मंत्री कॅप्टन सतीश शर्मा यांनी केलेली १५ वाटपे मनमानी ठरवून रद्द केली. मंत्र्यांना ५० लाख रुपये भरण्याचाही आदेश झाला होता. तो मात्र १९९९ साली फेरविचारात मागे घेण्यात आला. पुढे निवड मंडळे आली. त्यांच्याविरुद्धही वृत्तपत्रांत ओरड झाली, आणि ऑगस्ट २००२ मध्ये केंद्र सरकारने २००० सालापासूनची सारी वाटपे एका फटक्यात रद्द केली. त्यांत वशिल्याचे होते तसे प्रामाणिकही होते. त्याच वर्षी २० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ही सरसकट रद्दबातल करण्याची कृती अवैध ठरविली, आणि ज्या चारशेहून अधिक प्रकरणांवर प्रत्यक्ष आक्षेप होते तेवढीच तपासण्यासाठी दोन निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. तिच्या अहवालावरील वाद २००७ सालापर्यंत चालू होता. एकाच्या पापासाठी दहा जणांना शिक्षा नको, हे न्यायालयाचे म्हणणे वर्गात शिस्त राखणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. आम्ही पुष्कळदा उलटे करीत आलो.

मध्यंतरी मुलाखती घेऊन गुण देण्याचीही पद्धत होती. जमिनीला ३५ गुण, पैशाच्या तयारीला २५, आणि उरलेले शिक्षण, वय, अनुभव इत्यादींचे. त्या काळातील फेटाळलेले अर्जदार न्यायालयात म्हणत, “मला गुण कमी दिले.” न्यायालये उत्तर देत की, आम्ही पेपर पुन्हा तपासावयास बसलेलो नाही, लबाडी झाली असेल किंवा नियम मोडला असेल तर दाखवा. पुढे मुलाखत गेली आणि सोडत आली. चिठ्ठीशी भांडता येत नाही. त्यामुळे सारे भांडण आता सोडतीनंतरच्या छाननीवर, म्हणजे जमिनीच्या कागदांवर येऊन ठेपले आहे.

एवढे सांगून झाल्यावर वकिलांनी आमचे कागद उघडले. त्यांनी मोजून दोन प्रश्न विचारले. “सर्व सहमालकांची संमती हवी, हा नियम पुस्तिकेत होता काय?” होता. “अशाच अपुऱ्या संमतीचा दुसऱ्या कोणाचा अर्ज त्यांनी मान्य केल्याचे तुम्हांला ठाऊक आहे काय?” नव्हते. मग चष्मा काढून ते म्हणाले, “गुरुजी, विमानतळाच्या खटल्यात ज्या तत्त्वाने तक्रारदाराची बाजू खरी ठरली, तेच तत्त्व येथे तुमच्या विरुद्ध उभे आहे. तुमच्यासाठी अट सैल करा असे मागितले, तर ज्याचे कागद पुरे होते तो तरुण उद्या न्यायालयात येईल, आणि तो जिंकेल.”

पुतण्या गप्प झाला. मलाही त्या दुसऱ्या तरुणाचा विचार तोपर्यंत एकदाही शिवला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. आम्ही याचिका केली नाही.

घरी आल्यावर मी बहिणीस सारी हकीकत सांगितली. ती म्हणाली, “दादा, सही द्यायला मी कधी नाही म्हटलं? मला विचारायलाच कुणी आलं नाही.” यावर मला उत्तर देता आले नाही. कारण गोष्ट एका सहीची नव्हती. वडिलांच्या जमिनीत तिचा वाटा आहे, हे सातबाऱ्याला ठाऊक होते, तेल कंपनीला ठाऊक झाले. फक्त मला ते कागदावरच खरे वाटत होते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचे स्थान दिले, केंद्राने २००५ साली तेच केले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असे निःसंदिग्ध सांगितले. आपल्या ज्ञातीत मात्र भाऊबीजेला साडी दिली की हिशेब पुरा झाला, असे मानणारी घरे अजून आहेत. माझे त्यांतलेच एक होते. काही घरांत साध्या कागदावर बहिणीची हक्कसोड लिहून घेऊन ठेवलेली मी पाहिली आहे. नोंदणी नसेल तर तो कागद छाननीत टिकत नाही, आणि नोंदणी असली तरी तो कसा घेतला हे आपले आपल्याला माहीत असते.

इतर कुटुंबांच्या कहाण्या थोडक्यात सांगतो. एकाने चुलत्याची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. कंपनीला किमान १९ वर्षे ११ महिन्यांचा नोंदणीकृत पट्टा हवा होता, आणि यांची नोंदणी अर्जाची मुदत संपल्यावर झाली. दुसऱ्याच्या जमिनीची दर्शनी बाजू रस्ता रुंदीकरणात गेली होती, पण सातबाऱ्यावर जुनेच क्षेत्र होते; पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने फीत धरली आणि अर्ज पडला. तिसऱ्याने राखीव जागेसाठी राज्याच्या नमुन्यातील जातीचा दाखला जोडला. तेथे केंद्राच्या यादीप्रमाणे हवा होता. या शेवटच्या बाबतीत आपल्या मंडळाने दाखल्यांची माहिती देणारा एक माणूस नेमावा, अशी माझी कार्यकारिणीस सूचना आहे. निवड झाली तरी पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या स्फोटक विभागाचा परवाना असतोच. पण त्याविषयी पुन्हा कधी.

आणि ज्यांच्यावर खरोखर अन्याय झाला असेल त्यांनी स्वस्थ बसू नये. कारण लेखी मागावे, तक्रार मुदतीत करावी, माहिती अधिकाराखाली छाननीचे कागद मागवावेत, आणि उच्च न्यायालयात जावयाचे तर दुसऱ्याचा पंप उभा राहण्यापूर्वी जावे. पुणे जिल्ह्याला त्यासाठी मुंबईच गाठावी लागते.

२०२३ साली कंपन्यांनी पुन्हा अर्ज मागविले. आमचा तुकडा ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याचा एक टप्पा त्या यादीत होता. या वेळी मी स्वतः पनवेलला गेलो. बहिणीने प्रतिज्ञापत्र आधी वाचले, दोन शब्दांचे अर्थ विचारले, पंप झाला तर भाडे तिघांत कसे वाटले जाईल ते माझ्या हाताने एका कागदावर लिहून घेतले, आणि मग नोटरीसमोर सही केली. अर्ज सर्व कागदांनिशी वेळेत गेला. सोडतीत पुतण्याचे नाव निघाले नाही. भाड्याचा तो कागद मात्र आमच्या घरात सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवलेला आहे.