फोटो कुठल्या खोलीत?

(ओझर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



३१ मे १९३६ ला मुंबईत नायगावला बाबासाहेबांनी महार परिषदेपुढं जे भाषण केलं, ते ‘मुक्ती कोन पथे?’ या नावानं तुम्ही वाचलं असेल. नसेल वाचलं तर आजच्या आज वाचा. त्यात त्यांनी धर्मांतराला जलप्रवासाची उपमा दिलीय. नावाडी प्रवासाला निघतो तेव्हा आधी तयारी करतो. तसं किती माणसं बरोबर यायला तयार आहेत ते कळल्याशिवाय मला तयारी कशी करता येईल, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासारख्या गोदीतल्या माणसाला ही उपमा पटकन कळते. बोट धक्क्यावरनं सुटते ते एका तासाचं काम. खरं काम त्याच्या आधी असतं. जड माल खाली, हलका वर, दोन्ही बाजूला वजन सारखं. फटीत लाकडं ठोकायची, म्हंजे लाटेत माल सरकणार नाही. एका बाजूला माल घसरला की बोट कलंडते, मग कप्तान कितीही शिकलेला असो.

येवला इथनं लांब नाही. आपल्या जिल्ह्यातच. तिथं १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब म्हणाले की जन्म हिंदू म्हणून झाला तो माझ्या हातातला नव्हता, पण मरताना मी हिंदू नसेन. त्याच परिषदेनं काळारामाच्या दारातला सत्याग्रह बंद करायचं ठरवलं. १९३० पासून दादासाहेब गायकवाडांसारख्या माणसांनी चालवलेला. दगडाच्या दारावर डोकं आपटणं बंद. आणि मग नागपूर कधी? १४ ऑक्टोबर १९५६. मधे एकवीस वर्षं गेली. एकवीस वर्षं एक माणूस आपल्या लोकांचं घर हलवायची तयारी करत होता. काय घ्यायचं, काय टाकायचं, कुठल्या घरात जायचं.

हे सगळं पुस्तकात आलंय. पुस्तकात न आलेलं असं की प्रत्यक्ष घराघरात ही तयारी किती दिवसांत झाली? बऱ्याच ठिकाणी एका रात्रीत. आणि ती कुणी केली?

माझी आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. दिंडोरी तालुक्यातलं गाव. बाबासाहेब गेले म्हणून तिचा बाप मुंबईला गेला. दादरला ७ डिसेंबरला चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायनांनी लाखो लोकांना दीक्षा दिली, त्यात हा होता. परत आला तो डोकं भादरून. कुणाशी बोलला नाही. देवळीतले देव काढले, पाटीत भरले, आणि कादवेत नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी देवळीला पांढरा चुना. तिथं वर्तमानपत्रातला बाबासाहेबांचा फोटो, भाताच्या खळीनं चिकटवलेला. आजी सांगते, आई रात्रभर चुलीपुढं बसून होती. रडली नाही, बोलली नाही.

हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. कळलं ते घर हलवताना. आमचं इथलं घर म्हंजे वस्तीतल्या दोन खोल्या. मागची भिंत दोन पावसाळ्यांत पार फाटलीय. म्हणून दादानं हायवेकडच्या बाजूला भाड्यानं फ्लॅट बघितलाय. मी मुंबईहून आठ दिवस खाडे करून आलोय. कंत्राटी माणसाला रजा नसते, खाडे असतात. जातं न्यायचं की नाही, यावर आमच्यात अर्धा दिवस गेला. वहिनी म्हणते तिसऱ्या मजल्यावर जातं कशाला, भंगारवाल्याला द्या. आई म्हणते याच्यावर माझ्या सासूनं बाबासाहेबांच्या ओव्या गायल्यात. हेमा रैरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रभर हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यात भीमरायाच्या ओव्यांचा मोठा ढीग आहे. आपले कवी स्टेजवर आले त्याच्या कितीतरी आधी या बाया पहाटे चार वाजता कवी होत्या. त्यांच्या नावापुढं कुणी ‘कवी’ छापलं नाही. जातं येणार आहे. जिन्यानं मीच चढवणार, वजनाची मला सवय आहे.

आईनं सगळ्यात आधी काय बांधलं माहितीय? भांडी नाही, कपडे नाही. प्लॅस्टिकची पिशवी. तीत रेशनकार्ड, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, आमचे जातीचे दाखले, पडताळणीचे कागद. चार वेळा गाठ मारली. जातीचा दाखला काढायला गेलं की विचारतात, १० ऑगस्ट १९५० च्या आधी तुमचा बापजादा कुठं राहत होता त्याचा पुरावा आणा. आता बघा. ज्यांना गावानं बाहेर ठेवलं, दुष्काळानं हाकललं, पोटानं मुंबईला नेलं, त्यांनी आपण हललो नव्हतो याचा कागद जपायचा. आणि ज्यांनी १९५६ ला धर्म बदलला त्यांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं सरकार म्हणत होतं, तुम्ही घर बदललं ना, मग जुन्या घराचं दुःख आता तुमचं नाही. अन्‌ गाव म्हणत होतं, घर कसलं बदलता, आम्हाला तुम्ही तेच. दोघं मिळून आपल्याला मधल्या रस्त्यावर उभं करून मोकळे.

कागदांनंतर धान्याची कोठी उपसली. तळाशी निंबाचा पाला, पाल्यात चिंधी, चिंधीत टाक. पितळेचा, अंगठ्याएवढा, झिजलेला. घोड्यावरचा खंडोबा. दादाच्या हाताला लागला. दादा म्हंजे चळवळीतला माणूस, इथल्या जयंतीचा हिशेब ठेवणारा. तो असा काही ओरडला की शेजारच्या बाया जमल्या. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि कोठीत खंडोबा! आजी वाकळेवर बसली होती. म्हणाली, “देव नाय रे तो. माझ्या आईची वस्तू हाये. पाटीतनं तिनं एवढा एकच काढून ठिवला. बापानं तिला इचारलं नव्हतं.”

शेवटचं वाक्य नीट ऐका. बापानं तिला इचारलं नव्हतं.

काही मित्र म्हणतील, हा दादाच्या विरुद्ध आणि खंडोबाच्या बाजूनं बोलायला लागला. अजिबात नाही. चंपाषष्ठीला इथं ओझरला खंडेरावाच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. मी जात नाही, आमची आजीही जात नाही. त्या टाकाला कुणी हळद लावली नाही, तळी भरली नाही. जवळपास सत्तर वर्षं तो गव्हाखाली पडून आहे, आणि आम्ही तो गहू खाऊन जयभीम म्हणत मोठे झालोय. त्यानं आमचं काही भलं केलं नाही, वाकडंही केलं नाही. ज्याला भजत नाहीत तो देव कसा? माझं म्हणणं वेगळं आहे. त्या बाईला तेव्हा कुणी चार वाक्यं सांगितली असती, की आपण हे का टाकतोय, कुठं चाललोय, तर तिनं स्वतःच्या हातानं पाटी उचलली असती. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेबांनी नेलं नाही, कारण तिथं बाहेरूनच परत यावं लागलं असतं. पण ते नुसतं ‘नाही’ म्हणून उठले नाहीत. आपण दुसरी पंढरी उभी करू, असं त्यांनी तिला समजावलं, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, राजगृहात. नव्या घरात फार दिवस मिळाले नाहीत. आणि येवल्याचं भाषण त्यानंतर पाच महिन्यांच्या आत. माझ्या मनात या दोन तारखा शेजारीशेजारी राहतात. इतिहासकारांनी त्याचं काय करायचं ते करावं.

आता आपल्या पोरांकडं या. आजीवर ओरडणारे आपण घर बदलताना काय करतो? नाशकात आपल्यातलेच नोकरीवाले नवा फ्लॅट घेतात. दारावर ‘नमो बुद्धाय’, दारावरच लिंबू-मिरची. दलालाला विचारतात दार पूर्वेला आहे ना. एकानं वास्तुशांत घातली. का रे बाबा, आठवी प्रतिज्ञा काय सांगते, ब्राह्मणाच्या हातनं कुठलंच क्रियाकर्म करून घेणार नाही ना? तर म्हणतो, सोसायटीतले लोक विचारतात, पूजा कधी? म्हंजे श्रद्धाही नाही. नुसती शेजाऱ्यांची भीती. माझ्या हिशेबी आजीचा टाक या वास्तुशांतीपेक्षा कितीतरी स्वच्छ. आईला नव्या घरात दूध उतू घालायचंय. मी म्हटलं, उतू कशाला घालवतेस, महाग आहे. सुजातेनं सिद्धार्थाला खीर दिली होती, आपण खीर करू, त्रिशरण-पंचशील म्हणू, आणि जिन्यातल्या सगळ्या पोरांना वाटू. आई म्हणाली, साखर तू आण. हे इतकं सोपं होतं.

सोपं नाही ते पुढं आहे.

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मालकानं पहिल्यांदा विचारलं, आडनाव? दुसरं, मूळ गाव कुठलं? तिसरं, मटण-मच्छी करता का? तीन प्रश्नांत जात निघते, दाखला लागत नाही. तरी तो म्हणाला, आम्ही तसलं काही मानत नाही. ॲडव्हान्स घेतला. निघताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमानं म्हणाला, “फक्त तो मोठा फोटो बाहेरच्या खोलीत नको. आत लावा. तुमच्या श्रद्धेला आमचा विरोध नाही, पण दार उघडं असलं की जिन्यातनं दिसतं, बाकीचे भाडेकरू बोलतात.”

दादा काही बोलला नाही. मान हलवली. त्याचा पोरगा पाचवीत आहे, भिंत फाटलीय, पावसाळा येणार, तीन घरमालकांनी आधीच नाही म्हटलंय. हे सगळं मला कळतं. मुंबईत बसून शूर होणं स्वस्त आहे.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई बोचकं बांधत होती ती थांबली. म्हणाली, “आजीचा देव कोठीत. आता बाबा आतल्या खोलीत. आपलं काहीतरी कायम लपलेलंच का असतंय रे?”

मी कवी आहे असं म्हणतात. मला हे सुचलं नव्हतं.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशात शिकून आलेला माणूस, राहायला खोली मिळेना. पारशांच्या एका पथिकाश्रमात पारशी नाव सांगून उतरले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. खोली संध्याकाळपर्यंत खाली करायला लावली. एका हिंदू मित्राकडं गेले, एका ख्रिस्ती मित्राकडं गेले, दोघांनीही सबबी सांगितल्या. मग बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. नाव लपवलं होतं हेसुद्धा लिहिलंय, आणि लपवून किती दिवस मिळाले तेही. अकरा दिवस. त्या हिशेबानं आमच्या दादाचा फोटो आतल्या खोलीत किती महिने टिकेल? डिसेंबरात आम्ही दादरला जाणार, एप्रिलात निळा झेंडा लावणार, पोरगा जिन्यात मित्राला जयभीम म्हणणार. मग मालक म्हणेल, झेंडाही आत. मग म्हणेल, पोराला सांगा जरा हळू.

उद्या वरळीच्या बीडीडी चाळीसारखी आपल्यातल्या काहींना स्वतःची घरं मिळतील. १४ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या दिल्या. एकशेसाठ फुटांतनं पाचशे फुटांत गेले, आनंद आहे. स्वतःच्या घरात भिंत आपली असते. पण भाड्याच्या घरात राहणारे आपण जास्त आहोत, आणि भाड्याच्या भिंतीवर खिळा कुठं ठोकायचा हे मालक ठरवतो. हा प्रश्न पत्रकात येत नाही. मोर्चाही निघत नाही, कारण मालक शिवी देत नाही. तो प्रेमानं खांद्यावर हात ठेवतो. त्याच्याशी भांडायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. ते आज इथं बसून ठरवायला हवं. अशी नाकारलेली घरं कुणी लिहून ठेवतंय का? तारीख, रस्ता, काय विचारलं, काय उत्तर मिळालं? नसेल तर एक वही आजच सुरू करा. पहिली चार पानं आमच्या घरातनं भरतील.

गावाचंच बघा. १९६४ ला इथं विमानाचा कारखाना आला, मिग बनायला लागलं, गावाचं नावच ओझर मिग पडलं. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलानं मिग-२१ निवृत्त केलं. विमान गेलं तरी रिक्षावाला अजून ‘मिग, मिग’ ओरडतो. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव तसं जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्या वस्तीच्या पाटीवर आता चांगलं नाव आहे. मालकानं मूळ गाव विचारलं तेव्हा दादानं तेच चांगलं नाव सांगितलं. मालक म्हणाला, हां हां, म्हंजे ती वस्ती.

टाकाचं विचाराल तर आजीनं तो स्वतःच्या ट्रंकेत ठेवलाय. ती गेल्यावर काय करायचं ते तिनं मला सांगितलंय, ते मी इथं सांगणार नाही. यावेळी तिला विचारून झालंय, एवढं पुरे.

फोटोचं मात्र अजून ठरलेलं नाही. भाडेकराराच्या कागदावर उद्या संध्याकाळी सही व्हायचीय. आईनं सांगितलंय, फोटो आत जाणार असेल तर मी इथंच फाटक्या भिंतीशी राहते. वहिनी म्हणते, पावसात पोराला घेऊन मीही इथंच राहू का? दोघी खऱ्या आहेत. घराच्या कर्त्या माणसानं चार दिवसांत यावर एक शब्द काढलेला नाही.

तो कर्ता माणूस तिकडं शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलाय. मी माझं बोलणं थांबवतो. दादा, आता तू पुढं ये.