स्वभावाला औषध असते

(विचुंबे येथील वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. ती दोन प्रसंगी हमखास वापरली जाते. घरातील वडीलधाऱ्यांना साखरेचा विकार असतो, तरी ते चोरून मिठाई खातात. तेव्हा घरची माणसे हताश होऊन ही म्हण उच्चारतात. मोहल्ल्यातील एखादा मुलगा चोरीत किंवा मारामारीत सापडतो, तेव्हा लोक हीच म्हण उच्चारतात आणि वर 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' अशी जोडही देतात. एकदा स्वभावावर खापर फोडले की मग कोणालाच काही करावे लागत नाही, ही या म्हणीची खरी सोय आहे. मानसशास्त्राने गेल्या दीडशे वर्षांत दीर्घ आजार आणि गुन्हेगारी या दोन्ही विषयांचा अभ्यास केला आहे. त्या कसोटीवर ही म्हण कितपत टिकते, ते आज आपण पाहू.

प्रथम गुन्ह्याचा विचार करू. इटलीतील डॉक्टर सेझारे लोंब्रोसो यांनी 1876 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो आणि त्याच्या कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून तो ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे 3,000 कैद्यांची मोजमापे घेऊन ती इतर माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिली. 1913 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की गुन्हेगाराची अशी वेगळी शारीरिक जात अस्तित्वात नाही.

पण अशी समजूत केवळ ग्रंथात राहत नाही, ती कायद्यात उतरते. आपल्या देशात इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे अनेक जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवले जात असे. पाळण्यातल्या मुलाच्या कपाळीही तोच शिक्का. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. त्यांच्यापैकीच एका जमातीत जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' हे आत्मकथन लिहिले आणि 1988 साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जन्मावरून माणसाची पारख करणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

शिक्का मारण्याची हौस शास्त्रज्ञांनाही सुटलेली नाही. हान्स आयझेंक हे लंडनचे नामांकित मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 1964 साली गुन्हा आणि व्यक्तिमत्त्व यांचा संबंध सांगणारे पुस्तक लिहिले. विशिष्ट स्वभावाची माणसे शिस्तीचे वळण लवकर घेत नाहीत म्हणून गुन्ह्याकडे वळतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा काही भाग पुढील अभ्यासात टिकला, काही टिकला नाही. पुढे त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत असेही मांडले की कर्करोग आणि हृदयविकारसुद्धा विशिष्ट स्वभावाच्या माणसांना फार मोठ्या प्रमाणात होतात. हे निष्कर्ष इतके टोकाचे होते की अनेकांनी तेव्हाच शंका घेतली. अखेर 2019 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत या दोघांचे 26 लेख विश्वास ठेवण्यास अयोग्य ठरले. आजाऱ्याला 'तुझ्या स्वभावामुळेच तुला हे दुखणे जडले' असे सांगणे म्हणजे दुखण्यावर अपराधाचे ओझे लादणे होय. त्याला शास्त्राचा आधार नाही.

मग आधार कशाला आहे? 1984 साली रिचर्ड लॅझारस आणि सुसान फोकमन या अमेरिकी अभ्यासकांनी ताणाला तोंड कसे द्यावे याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे. संकट आले की माणूस मनात दोन प्रश्न विचारतो : हे माझे काय बिघडवणार आहे, आणि माझ्या हातात काय आहे? या प्रश्नांना तो जी उत्तरे देतो, त्यांवर त्याचे पुढचे वागणे ठरते. वागण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एक, अडचणच कमी करण्याची. दुसरी, मनाचा क्षोभ सावरण्याची. जे बदलता येते तेथे पहिली उपयोगी, जे बदलता येत नाही तेथे दुसरी. दोन्ही शिकता येतात, आणि शिकवताही येतात.

मधुमेहाचेच उदाहरण घ्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात अंदाजे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. हा आजार एकदा आला की सहसा जन्माची सोबत करतो. तो आहे हे स्वीकारणे हे मनाचे काम. वेळेवर गोळी, चालणे, ताटातील भात मोजून घेणे हे हातापायांचे काम. आपल्याकडे रमजानमध्ये या दोन्हींची परीक्षा होते. रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात. रोजात साखर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. आजाऱ्याला धर्माने सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. आणि घरातील इतरांनी तळलेले व गोड त्यांच्या पुढ्यात मांडून मग 'स्वभावाला औषध नाही' म्हणू नये.

शिक्का आजारापेक्षा जास्त छळतो, याचा पुरावा आपल्या पनवेल तालुक्यातच आहे. नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने कुष्ठरुग्णांची सेवा केली आहे. 1980 नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. औषध आले, पण भीती गेली नाही. हा रोग घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे आपल्या विवाहकायद्यांतून जायला 2019 साल उजाडले. त्यांत मुस्लिम विवाहविच्छेदाचा 1939 चा कायदाही होता. म्हणजे रोग बरा होऊ लागल्यानंतरही शिक्का तीस-पस्तीस वर्षे कागदावर राहिला. लग्न मोडेल या भीतीने मुलीचा क्षय, फिट किंवा मधुमेह लपवणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावे. लपवलेल्या आजाराचे औषध वेळेवर घेता येत नाही.

आता मुलांकडे येऊ. टेरी मॉफिट यांनी 1993 साली दाखवून दिले की किशोरवयात आडवाटेला जाणारी बहुतेक मुले वय वाढले की सुधारतात. लहानपणापासून उतारवयापर्यंत त्याच वाटेवर राहणारी फार थोडी. अमेरिकेत बॉस्टनच्या सुधारगृहांतील 500 मुलांचा मागोवा रॉबर्ट सॅम्प्सन आणि जॉन लाब यांनी त्यांच्या वार्धक्यापर्यंत घेतला. एकाच रस्त्यावरून निघालेली ही मुले निरनिराळ्या मुक्कामी पोहोचली. कायमची नोकरी, चांगला जोडीदार, शिस्तीची सेवा यांनी अनेकांची वाट बदलली.

न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात तर सुमारे एक हजार मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. 2011 साली त्याचे निष्कर्ष आले. लहानपणी ज्यांच्यात संयम कमी, त्यांच्यात मोठेपणी आजारही अधिक आणि गुन्हेही अधिक आढळले. हुशारी व घरची परिस्थिती हिशेबात घेऊनही हे खरे ठरले. ज्या मुलांचा संयम वाढत्या वयात सुधारला, त्यांचे पुढचे आयुष्यही अपेक्षेपेक्षा बरे गेले. पालकांनो, आजार आणि गुन्हा यांचे धागे येथे एकत्र येतात. संयम ही सवय आहे, आणि सवय घरात लागते.

कोणी म्हणेल, हे परदेशातले झाले. तर आपल्या महाराष्ट्रातील स्वतंत्रपूर पाहा. औंध संस्थानात 1939 साली मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आणि राजेसाहेबांच्या पाठिंब्याने आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. ना उंच भिंत, ना बेड्या. खुनासारख्या गुन्ह्यांतील कैदी तेथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. जबाबदारी, काम आणि विश्वास ही तेथील औषधे होती.

याचा अर्थ गुन्ह्याला शिक्षा नको, असा मुळीच नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला न्याय मिळालाच पाहिजे, जसे आजाऱ्याला औषध मिळालेच पाहिजे. पण शिक्षा कृत्याची असावी, जन्माची नसावी. अठरा वर्षांखालील मुलासाठी बाल न्याय मंडळ आहे ते याच हेतूने. आपल्या मोहल्ल्यातील मुलगा चुकला तर त्याला शाळेतून काढण्याची घाई करू नका. शाळा हाच त्याचा धागा असतो. त्याला कुठे काम शिकता येईल, संध्याकाळी तो कोणाबरोबर असतो, घरात त्याच्याशी कोण बोलते, हे आधी विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एवढेच. कोणी तुम्हाला 'तू असाच' म्हणाले तर ते शेवटचे वाक्य समजू नका. रोज ठरलेल्या वेळी अभ्यासाला बसणे, राग आला की बोलण्याआधी थांबणे, मित्राच्या वाईट बेताला नकार देणे, या लहान गोष्टींनीच स्वभाव घडतो. स्वभावाला औषध असते. ते कडू असते, रोज घ्यावे लागते, आणि एकट्याने घेण्यापेक्षा घराच्या साथीने घेतले तर लवकर लागू पडते.