नदीतले शिंपले कुणाचे?

समुद्रापासून इतक्या लांब बसून आम्ही आज शिंपल्यांवर बोलणार आहोत, म्हणून हसू नका. कैरी सोलायला भोक पाडलेला शिंपला आपल्या आजीच्या घरात होताच ना? तान्ह्या बाळाला औषध पाजायलाही शिंपलाच. तो काही कोकणातून आला नव्हता. तो गिरणेतला, तापीतला, पांझरेतला. आता नदीत जाऊन शोधा बरं. रिकामी टरफलं सापडतील, जिवंत शिंपला बघायला मात्र डोहापर्यंत चालत जावं लागतं.

शिंपला वाळूत, गाळात अर्धा रुतून बसतो. पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक कण खातो आणि निवळलेलं पाणी बाहेर सोडतो. एकेक शिंपला दिवसभरात कित्येक लिटर पाणी गाळतो. आपण फडकं बांधून हंडा भरतो, तसंच हे नदीचं फडकं म्हणा.

पण त्याचं बाळंतपण ऐका, ते फार नाजूक आहे. मादी अंडी आपल्या कल्ल्यांत सांभाळते. मग इवलीशी पिल्लं पाण्यात सोडते. ती पिल्लं माशाच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिकटतात, काही काळ त्याच्या अंगावर काढतात आणि मग गळून तळाशी पडतात. मासाच भेटला नाही तर पिल्लू जगत नाही. मासा भेटला, पण खाली वाळूच उरली नसेल, तरीही नाही. म्हणजे शिंपला राखायचा तर मासे आणि वाळू दोन्ही राखावे लागतात. ट्रॅक्टरने वाळू जाते तेव्हा त्या खोऱ्यात शिंपल्यांची आई, मुलं, घर सगळं एकदम भरलं जातं. वाळूच्या पावतीवर याचा हिशेब कुठेच नसतो.

यात आता मोत्यांची भर पडली आहे. गोड्या पाण्यातल्या मोत्यांची शेती खरी आहे, थोतांड नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने तिचं तंत्र बसवलं आहे. शिंपल्यात बारीक मणी बसवायचा, जखम भरू द्यायची आणि वर्षभर, कधी दीड वर्ष तळ्यात सांभाळायचा. काही शिंपले मरतात, काहींत मोती नीट होत नाही. बचतगटाचे पैसे घालण्याआधी दोनच प्रश्न विचारा. मोती नक्की कोण घेणार, आणि शिंपले आणणार कुठून? ‘नदीतून वेचून आणा’ असं उत्तर आलं, तर तो धंदा गावाच्या नदीवर उभा आहे आणि नदी हळूहळू रिकामी होईल. आम्हाला हे उत्तर आलं, म्हणून आम्ही तूर्त थांबलो.

वेचायचंच नाही का? तसं नाही. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी तलाव आहे. तिथले लोक तिसऱ्यांसारखे शिंपले काढून पोट भरतात. १९९० नंतर उपसा इतका झाला की माल घटला. मग १९९३ पासून डिसेंबर ते फेब्रुवारी उपसा बंद. पिल्लं निसटून जावीत म्हणून जाळीची भोकं मोठी, यंत्राने काढायला मनाई. शिंपले पुन्हा वाढले, आणि २०१४ मध्ये त्या मासेमारीला जबाबदार मासेमारीचं जागतिक प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. आपल्या सिंधुदुर्गातही बचतगटाच्या बाया खाडीत बांबूचे तराफे बांधून कालवं वाढवतात.

कुणी म्हणेल, ते समुद्राकाठचे लोक, आपल्याला कुठे जमणार? अहो, पांझरेवरची फड पद्धत कुणाची? बंधाऱ्याचं पाणी कुठल्या फडाला कधी, कुठल्या फडात कोणतं पीक, हे गावानेच ठरवलं. पाटकरी, जागल्या नेमले आणि शेकडो वर्षं चालवलं. पाणी वाटून घेणाऱ्यांना डोह राखणं अवघड नाही. उलट फडाच्या पाण्यासाठी भांडणं जास्त व्हायची.

आमच्या गटाने ठरवलेलं सांगतो. उन्हाळ्यात गिरणा धरणाचं आवर्तन सुटत नाही तोवर पात्र कोरडं असतं आणि जगलेले शिंपले डोहात उरतात. पुढच्या पुराला नदी पुन्हा भरायची ती याच डोहांतून. म्हणून उन्हाळ्यात डोहातला एकही शिंपला काढायचा नाही, मासाही नाही. एरवी तळहातापेक्षा लहान शिंपला परत वाळूत, उलटा फेकायचा नाही, होता तसा रोवायचा. शहराच्या गटाराखालचे शिंपले खायचे नाहीत, कारण पाण्यातली घाण त्यांच्या अंगात साठते.

एवढं आपल्या हातात आहे. वाळूचं तसं नाही, त्याला ग्रामसभा लागते. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी आम्ही अर्ज लिहिला आहे: गावाखालचे दोन डोह आणि त्यांच्या वरची-खालची वाळू लिलावातून वगळावी. खाली बायांच्या सह्या, अंगठे घेणं चालू आहे. पुरुषमंडळींपैकी काहींचे ट्रॅक्टर आहेत, त्यामुळे घरात कुरबुर होणारच. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांनी सही आधी करावी, मग घरी सांगावं.