चिंगीचं कुंपण

आमची मनी घरासमोरच गाडीखाली गेली. म्हणून इथे इंग्लंडमध्ये चिंगीसाठी बागेभोवती वायर पुरली. पट्ट्यातल्या रिसीव्हरला वायरचा सिग्नल मिळाला की आधी बीप, मग सौम्य झटका.

तिला घालण्याआधी पट्ट्याच्या दोन टोकांना टेस्टरचा दिवा लावला आणि मांजराच्या मानेइतक्या उंचीवर धरून, अक्षरशः ओणवा होऊन, बागेला चक्कर मारली. शेजारीण बघत होती, असो. एका कोपऱ्यात दिवा लागेचना! उरलेली वायर कापायचा आळस करून मी तिथे दुहेरी पिळून ठेवलेली. उलटसुलट करंटने सिग्नलच मारला जातो. पीळ सोडवला, दिवा लागला.

वेल्समध्ये २०१०पासून असे झटक्याचे पट्टे बंद आहेत. माझंही मन धजत नाही, म्हणून सध्या फक्त बीप. काल चिंगी थबकून मागे फिरली. शेजारचा बोका मात्र बिनधास्त आत येतो. त्याला कुठे पट्टा आहे!